तळटीप : ‘शून्य क्रमांकाचे कार्ड’

लेखकाच्या नोंदवहीत प्रत्येक जॉबपुढे ‘जीपीयू ०’ असेच लिहिलेले आहे. म्हणून सगळी कामे एकाच कार्डावर झाली, असे वाचकाने समजू नये. क्लस्टरवर कार्डांची वाटणी स्लर्मसारखा शेड्यूलर करतो. सीग्रुपचे बंधन चालू असेल तर जॉबला फक्त स्वतःच्या वाट्याचे कार्ड दिसते आणि त्याची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. नोडमधले पाचवे कार्ड मिळाले तरी ‘कूडा-व्हिजिबल-डिव्हायसेस’ या चलात ० च दिसणार! हे बंधन नसेल तर उलटा घोळ: ‘एनव्हिडिया-एसएमआय’ त्या चलाकडे ढुंकूनही न पाहता नोडवरची सगळी कार्डे दाखवते. त्यात भर म्हणजे, ही आज्ञा कार्डे पीसीआय बसच्या क्रमाने मोजते, तर कूडा मुळात सर्वांत वेगवान कार्डाला पहिला मान देते. एकाच नोडमध्ये वेगवेगळ्या जातीची कार्डे असली की दोन्ही क्रमांक जुळतीलच असे नाही.

खरी ओळख पटते ती यूयूआयडीवरून. ‘एनव्हिडिया-एसएमआय’ला ‘एल’ हा पर्याय जोडला की प्रत्येक कार्डाच्या नावापुढे ‘जीपीयू-’ने सुरू होणारी लांबलचक अक्षरमाळ छापून येते, नोड रीबूट झाला तरी ती बदलत नाही. जॉब चालू असताना ‘एस-कंट्रोल’कडे तपशील मागितला तर ‘आयडीएक्स’पुढे शेड्यूलरच्या हिशेबातला क्रमांकही मिळतो. लेखकाने जॉब-स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत नोडचे नाव आणि यूयूआयडी लॉगमध्ये उतरवून घेतले असते, तर पुढच्या प्रकरणातला निम्मा वाद उद्भवलाच नसता. — संपा.