नवे हृदय आणि मैदान

३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाऊनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी एका माणसाचे हृदय दुसऱ्याला बसवले. तो रुग्ण १८ दिवस जगला. त्या काळी प्रश्न श्वासाचा होता, खेळाचा नव्हता. १९८०च्या दशकात सायक्लोस्पोरिन हे औषध वापरात आले, शरीराने नवे हृदय नाकारण्याचे प्रमाण घटले आणि हृदय बदललेली मुले वयात येऊ लागली. तेव्हा कुठे त्यांच्यासाठी मैदानाचा विचार सुरू झाला.

अडचण खरी होती. शस्त्रक्रियेत हृदयाचे मज्जातंतू तुटतात. त्यामुळे बसल्या जागीही ठोके मिनिटाला ९० ते ११०च्या आसपास राहतात. पळू लागताच ते वाढत नाहीत. त्यासाठी रक्तातून अ‍ॅड्रेनलिन पोहोचावे लागते. थांबल्यावरही ठोके सावकाश उतरतात. म्हणून सुरुवातीची हलकी हालचाल लांबवावी लागते. शरीराचा नकार रोखण्यासाठी दिलेल्या स्टेरॉइडने हाडे व स्नायू दुबळे होतात, तिथे व्यायाम औषधाइतकाच मोलाचा.

त्याआधीच, १९७८मध्ये, इंग्लंडातील पोर्ट्समथला अवयव प्रत्यारोपण झालेल्यांच्या क्रीडास्पर्धा सुरू झाल्या. किशोरांना मात्र घरच्यांची काळजीच अधिक जखडते. सवंगड्यांत खेळता येणे हा त्यांच्या मनाच्या उभारीचा मोठा आधार असतो.