भिलाईतला रशियन कॅमेरा आणि एक जुना रोल

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात दहा लाख टन क्षमतेच्या पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा आपला दुर्ग जिल्हा ज्या मध्यप्रदेशात होता त्याची राजधानी भोपाळ नव्हती, नागपूर होती. हे आजच्या मुलांना सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही! १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेरमांडणी झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, दुर्ग-रायपूर नव्या मध्यप्रदेशात राहिलं. राजधानी बदलली, रेल्वेचे रूळ मात्र तेच राहिले. नागपूर, भंडारा, गोंदियाकडची मराठी पोरं हावडा लाईनच्या गाडीत बसून इकडे येतच राहिली. माझे वडील त्यांतलेच एक. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, त्याच्या काही महिने आधी ते प्लांटमध्ये रुजू झाले होते.

प्लांटचा इतिहास आपण सारे ऐकून आहोत. मला त्याच्यासोबत आलेल्या एका लहानशा वस्तूबद्दल लिहायचं आहे. त्या काळी रशियन तज्ज्ञ सहकुटुंब आपल्या टाऊनशिपमध्ये राहत. मुदत संपली की परत जाताना काही सामान इथेच विकून जात, असं बाबा सांगत. अशाच एका इंजिनियरकडून बाबांनी कॅमेरा घेतला. चामड्याची तपकिरी पेटी, वर रशियन अक्षरं. आम्ही त्याला नुसतं ‘रशियन’ म्हणत असू. त्याचं खरं नाव झोर्की-४ आहे, हे मला तीन वर्षांपूर्वी बाबांची ट्रंक उघडल्यावर कळलं. रशियन भाषेत झोर्की म्हणजे तीक्ष्ण नजरेचा. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क इथल्या कारखान्यात तो १९५६ ते १९७३ या काळात तयार होत असे. या कारखान्याच्या कॅमेऱ्यांवर क्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुधा वर्षाचे असतात. आमच्या कॅमेऱ्यावर ते ५९ आहेत. म्हणजे पहिली झोतभट्टी आणि आमचा कॅमेरा एकाच वयाचे!

या कॅमेऱ्याचं कूळ शोधत गेलो आणि गुंतत गेलो. मूळ पुरुष जर्मनीतला ऑस्कर बार्नाक. वेट्झलार गावच्या लाइट्झ कंपनीत तो कामाला होता. सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म आडवी धावती ठेवून, सिनेमाच्या चौकटीच्या दुप्पट म्हणजे २४ बाय ३६ मिलिमीटरचं चित्र घ्यायचं, ही त्याची कल्पना. त्यातून १९२५ मध्ये लायका बाजारात आला. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली ज्या रुंदीच्या फिल्मवर उतरला, त्याच रुंदीची फिल्म आमच्या झोर्कीत भरतात.

लायकाची रशियन नक्कल कोणी केली? एखाद्या मोठ्या संशोधन संस्थेनं नव्हे, तर अनाथ आणि रस्त्यावरच्या मुलांनी! युक्रेनमधल्या खारकोवजवळ १९२७ मध्ये अशा मुलांसाठी एक वसाहत सुरू झाली. तिचे प्रमुख होते शिक्षणतज्ज्ञ अंतोन माकारेंको. शिक्षणाबरोबर हातानं काम, हा तिथला नियम. मुलांनी आधी विजेवर चालणारी ड्रिल यंत्रं बनवली. मग लायका कॅमेरा उघडून, भाग न् भाग मोजून तसाच कॅमेरा केला. १९३४ पासून तो नियमित तयार होऊ लागला. नाव ठेवलं फेड. वसाहत ज्यांच्या नावे होती त्या फेलिक्स एद्मुंदोविच झेर्झिन्स्की यांच्या नावाची ती आद्याक्षरं. हे झेर्झिन्स्की सोव्हिएत गुप्त पोलिसांचे संस्थापक. एका अतिशय कठोर माणसाचं नाव मुलांनी केलेल्या कॅमेऱ्यावर कायम कोरलं गेलं, हाही इतिहासाचा एक विनोदच. पुढे महायुद्धात जर्मन फौजा खारकोवला पोचल्या, कारखाना सायबेरियाकडे हलवावा लागला, आणि युद्धानंतर क्रास्नोगोर्स्कमध्ये १९४८ साली त्याच आराखड्यावर झोर्की जन्माला आला. आमच्या कॅमेऱ्याचं ज्युपिटर-८ हे भिंगसुद्धा मूळचं जर्मनीच्या झाइस कंपनीच्या सोनार भिंगावरून घेतलेलं.

नक्कल म्हणून आपण नाकं मुरडतो. मला ते पटत नाही. यंत्र उघडून, समजून घेऊन पुन्हा उभं करणं ही विद्याच आहे, आणि आपल्या मराठी मुलखात तिचं मोठं उदाहरण आहे कोल्हापूरचं. बाबूराव मेस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर, आणि त्यांचे चुलतबंधू आनंदराव हे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. फाळक्यांचा चित्रपट पाहून त्यांना सिनेमाचं वेड लागलं. परदेशी कॅमेरा घेण्याइतका पैसा नव्हता. त्यांनी एक जुना प्रोजेक्टर मिळवला आणि त्याच्या अभ्यासातून स्वतःचा कॅमेरा करायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीनं काम तडीस नेलं आणि १९१८ च्या सुमारास कॅमेरा चालू केला. तानीबाई कागलकरांनी भांडवल दिलं, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं ते यानंतर. कोल्हापूरला गेलात तर खरी कॉर्नरचा कॅमेऱ्याचा स्तंभ जरूर पाहा.

असो. कुठे बाबूराव आणि कुठे मी! मी निवृत्त माणूस. कॅमेऱ्यातलं शून्य ज्ञान, आणि सौभाग्यवतींनी ठरवून दिलेलं बजेट तीन हजार रुपये. त्यात जे बसलं ते सांगतो, कारण अशा पेट्या आपल्यापैकी अनेकांच्या ट्रंकेत असणार.

पहिली तपासणी फुकटची. मागचं झाकण काढून कॅमेरा उजेडाच्या खिडकीकडे धरला आणि शटर ताणलं. झोर्कीचं शटर म्हणजे रबर चढवलेल्या काळ्या कापडाचे दोन पडदे. साठ वर्षांत रबर तडकतं आणि कापडाला टाचणीएवढी भोकं पडतात. आमच्या पडद्यात चांदण्या दिसत होत्या, चांगल्या पाच-सहा! कापडावर लावायचा काळा रंग अगदी पातळ करून बारीक ब्रशनं दोन हात दिले. रंग जाड झाला तर पडदा नीट गुंडाळत नाही, म्हणून प्रत्येक हातानंतर एक रात्र वाळू दिलं. सावकाश वेगाची यंत्रणा जुन्या वंगणानं गोठली होती. ते काम दुर्गच्या एका घड्याळजींनी केलं. पेट्रोलनं धुतलं, घड्याळाच्या तेलाचे थेंब दिले आणि तीनशे रुपये घेतले. “हे तर मोठं घड्याळच आहे,” एवढंच ते म्हणाले. भिंगावर आपल्या पावसाळ्यानं चढवलेली बुरशी कडेला थोडी राहिली आहे, चित्रात ती जाणवत नाही.

झोर्कीचा एक नियम बाबांनी पेटीच्या आत पेन्सिलीनं लिहून ठेवला होता : ‘आधी चावी, मग वेग.’ शटर न ताणता वेगाची चकती फिरवली तर आतले भाग अडकू शकतात. आज इंटरनेटवरही सगळे हेच बजावतात.

कॅमेऱ्यात प्रकाशमापक नाही. तो लागतही नाही. ४०० वेगाची फिल्म असेल तर भर उन्हात छिद्र १६ वर आणि शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागावर ठेवायचं. मोकळ्या सावलीत तेच छिद्र ५.६ वर आणायचं. आपल्याकडे ऊन एवढं भरवशाचं आहे की हा हिशेब सहसा चुकत नाही. कृष्णधवल फिल्मचा रोल आजही मिळतो, पण हजाराच्या आसपास पडतो. म्हणून एका रोलचे ३६ फोटो मी तीन महिने पुरवले.

रोल धुणं बाहेर परवडत नाही, ते घरी केलं. बंद पडलेल्या एका स्टुडिओच्या मालकांनी आपला डेव्हलपिंग टँक नुसता चहावर दिला. डी-७६ हा डेव्हलपर १९२७ सालापासून चालत आलेला आहे. एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. मग साध्या पाण्यानं धुणं आणि त्यानंतर हायपो. पाणी २० अंशांचं हवं. भिलाईत मे महिन्यात हे करायचं म्हणजे बर्फाची लादीच आणावी लागेल, म्हणून मी जानेवारीची रात्र निवडली. खिडकी नसलेली खोली, दाराच्या फटीला रजई, आणि हातमोजे घातले की बाकी स्वयंपाकच आहे.

हे सगळं मी शिकलो ते खरं म्हणजे एका दुसऱ्या रोलसाठी. ट्रंकेत कॅमेऱ्याशेजारी पत्र्याच्या डबीत एक रोल होता : ऑर्वो, पूर्व जर्मनीतल्या वोल्फेन गावची फिल्म. काढलेला, पण न धुतलेला. पन्नासेक वर्षं छत्तीसगडच्या उन्हाळ्यांत भाजलेला! आईचं म्हणणं, त्यात आजी आहे. बाबांची आई एकदाच भिलाईला आली होती, गणपतीत, आणि तिचा एकही फोटो घरात नाही. आईचं वय आज ८६. म्हणून घाई होती, आणि घाई करून चालणारही नव्हतं. नव्या फिल्मचे दोन रोल धुऊन हात बसल्यावरच या रोलकडे वळलो. अंधारात एक लहान तुकडा कापून आधी तोच धुऊन पाहिला. जुन्या फिल्मवर काळपट धुकं चढतं, ते आवरायला डेव्हलपरमध्ये चिमूटभर पोटॅशियम ब्रोमाइड घातलं. मग उरलेला रोल.

बहुतेक चौकटी काळ्या आल्या. सात चौकटींवर काहीतरी उतरलं. नातवाच्या मोबाईलवर, ट्रेसिंग पेपरमागे दिवा लावून त्या उलट्या करून पाहिल्या. पाचव्या चौकटीत क्वार्टरच्या पायरीवर नऊवारीतली एक बाई बसली आहे. चेहऱ्याचा डावा भाग धुक्यात गेलाय. आईनं पडदा जवळ घेतला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, “पाटल्या बघ. त्यांच्याच आहेत. पुढे धाकट्या नणंदेच्या लग्नात दिल्या.” त्या पाटल्या आत्याकडे आजही आहेत. मी जाऊन ताडून पाहिल्या. नक्षी जुळते.

सहावी चौकट मात्र केवळ आमच्या घरची नाही. बांबू-ताडपत्रीचा मंडप, मागे गणपतीची मूर्ती, समोर अकरा माणसं ओळीनं उभी. साल १९७२ च्या आसपासचं असावं, कारण एका काकांच्या कडेवरच्या मुलीचं वय आईला पक्कं आठवतं. अकरापैकी सात जणांची नावं आईनं सांगितली. चौघं राहिले : उजवीकडून दुसरे चष्मेवाले, प्लांटचं हेल्मेट हातात घेतलेले उंच गृहस्थ, आणि डाव्या टोकाच्या दोघी बहिणींसारख्या दिसणाऱ्या बायका. या फोटोची मोठी प्रत मंडपात पावती-टेबलाशेजारी लावली आहे. कोणाला ओळख पटली तर खाली बांधलेल्या वहीत नाव आणि तेव्हाचा क्वार्टर नंबर लिहावा. आई आरतीला रोज संध्याकाळी येते, तिला सांगितलंत तरी चालेल.