तोटीपुराण

आमच्याकडे इतिहास म्हटला की गड, तह आणि तलवारी. बागेच्या नळीच्या टोकाला लावायची तोटी, जिला हार्डवेअरवाले नोझल म्हणतात, तिच्यासाठी एखाद्या इतिहासकाराने लेखणी झिजवल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. वास्तविक ज्या घरी चार गुलाब आणि एक जास्वंद आहे त्या घरी तहापेक्षा तोटीचे प्रसंग अधिक. मार्चअखेर आली की दोन गोष्टी हटकून व्हायच्या. आमच्या बँकेत कामाचा डोंगर उभा राहायचा आणि आमच्या घरी तोटी फुटायची. पैकी पहिल्या गोष्टीवर इलाज नाही. दुसरीसाठी मी, बी.कॉम. माणूस, इतिहासात शिरलो.

आरंभ पुराणापासून केलेला बरा. बळीराजाने वामनाला त्रिपाद भूमी द्यायचे कबूल केले, हातावर उदक सोडायला झारी उचलली, आणि गुरू शुक्राचार्य सूक्ष्म रूप घेऊन तोटीत जाऊन बसले. पाणी बंद! वामनाने दर्भाची काडी आत घातली, शुक्राचार्यांचा एक डोळा गेला आणि पाणी सुटले. तोटी तुंबल्याची याहून जुनी तक्रार सापडणे कठीण, आणि दुरुस्तीची रीत आजही तीच आहे. आमच्याकडच्या जड पाण्यातले क्षार भोकांत बसतात, मग मी टाचणी घेऊन वामन होतो. (लिंबाच्या रसात रात्रभर बुडवून ठेवले तर शुक्राचार्य आपण होऊन बाहेर पडतात, पण हे पुराणात नाही, आमच्या हिचे संशोधन आहे.)

झारीला नळी नव्हती. आपल्या बागा मोटेच्या आणि पाटाच्या पाण्यावर वाढल्या. रस्त्यावर पाणी शिंपायचा तो पखालजी, पखालीचे तोंड मुठीत धरून. नीट विचार केला तर ती मूठ हीच खरी नोझल. आवळली की धार लांब, सैल सोडली की पसरट, आणि वायसर बदलायची भानगड नाही.

नळी जगात आली ती बागेसाठी नव्हे, आगीसाठी. ॲमस्टरडॅमला यान व्हान डर हेडन नावाचे चित्रकार होते. शहराची चित्रे काढायचे, भिंतीतली वीट न् वीट दिसेल अशी. एवढ्या विटा रंगवल्यावर त्या जळताना बघवणार कशा? त्या काळचे बंब घराला खेटून उभे करावे लागत, कारण तोटी बंबालाच पक्की जोडलेली. या गृहस्थांनी भावाला हाताशी धरून १६७२ च्या सुमारास चामड्याची शिवलेली नळी केली. तिचे तुकडे एकमेकांना जोडायला पितळी सांधे. बंब लांब, माणूस आत, धार थेट आगीवर. १६९० साली त्यांनी यावर सचित्र पुस्तकही काढले. यातले पितळी सांधे ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे त्यांच्यावरून एक शहर जळायचे आहे.

चामड्याची नळी शिवणीतून गळे, वाळली की तडके. रबर असते तर बरे, पण रबर उन्हाळ्यात पाघळायचे आणि थंडीत काचेसारखे मोडायचे. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये रबर गंधकाबरोबर तापवून ते ताळ्यावर आणले. पेटंट १८४४ चे. आता बँकेतला माणूस म्हणून मला त्यांचे खाते पाहणे भाग आहे. कर्जापायी ते तुरुंगात जाऊन आले आणि १८६० साली वारले तेव्हा डोक्यावर दोन लाख डॉलरच्या घरात देणे. त्यांच्या नावाची टायर कंपनी १८९८ मध्ये निघाली, तिचा त्यांच्या घराण्याशी पैचा संबंध नाही. उलट गुडरिच नावाचे डॉक्टर. त्यांनी १८७० मध्ये ओहायोतल्या ॲक्रन गावच्या व्यापाऱ्यांकडून भांडवल उभे केले, रबरावर सुती कापड चढवून आगीच्या बंबाची नळी काढली आणि कारखाना चालवून दाखवला. आमच्या शाखेत हे दोघे कर्जाला आले असते तर कोणाचा अर्ज पास झाला असता ते मी सांगत नाही. आमच्या साहेबांना रबरातले काही कळत नाही.

आता ते शहर. ७ फेब्रुवारी १९०४, रविवार, अमेरिकेतले बाल्टिमोर. आग लागली, आवरेना. तारा गेल्या. वॉशिंग्टनहून बंब आगगाडीवर चढवून आणले, मागून फिलाडेल्फियाचे, न्यूयॉर्कचे. माणसे आली, घोडे आले, नळ्या आल्या. आणि नळ्यांचे सांधे बाल्टिमोरच्या नळखांबांना बसेनात! कोणाचे आटे बारीक, कोणाचे जाड, कोणाचे तोंडच मोठे. पाणी खांबात, नळी हातात, शहर समोर जळते आहे. तीस तासांवर आग चालली आणि पंधराशेच्या वर इमारती गेल्या. मागाहून सरकारी माणसांनी मोजदाद केली तेव्हा त्या देशात नळ्यांच्या सांध्यांचे सहाशेच्या वर प्रकार निघाले. मग एक प्रमाण ठरले. ठरले म्हणजे झालेच असे आपण समजतो. पण २००४ मध्ये, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी, पुन्हा पाहणी केली तर ४८ मोठ्या शहरांपैकी फक्त १८ ठिकाणी प्रमाणाप्रमाणे खांब होते. हे वाचून मला फार बरे वाटले. सर्क्युलर सगळीकडे सारखेच गुंडाळले जाते.

या आट्यांचा उपद्रव माझ्या अंगणापर्यंत पोहोचला आहे. न्यू जर्सीला असलेल्या भाच्याने एकदा येताना बदामांऐवजी भरीव पितळी नोझल आणली. "मामा, ही आयुष्यभर जात नाही." नळीच्या सांध्यावर चढवली, दीड फेरा फिरली आणि अडली. पान्हा लावला तर वाकडी होऊन बसली. कारण तिकडच्या बागेच्या नळीला इंचात साडेअकरा आटे आणि आपल्याकडे इंग्रजांच्या पद्धतीने चौदा. हा अडीच आट्यांचा फरक कोणत्याही ताकदीने मिटत नाही. मधे जोड घालावा लागतो. जर्मनीतल्या उल्मच्या गार्डेना कंपनीने १९६८ मध्ये वैतागून आटेच वगळले आणि नळी खटकन बसणारी, खटकन निघणारी केली. आटे आणि बँकेचे फॉर्म यांत मला तोच उपाय दिसतो.

राहिला फिरता फवारा. तो कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडोराच्या ऑर्टन एंगलहार्ट या संत्र्या-लिंबांच्या बागायतदाराचा, १९३३ चा. धार एका स्प्रिंगच्या हाताला ढकलते, हात परत येऊन टक्कन आपटतो आणि फवारा थोडासा वळतो. टक्, टक्, टक्, शेतभर. तोच फवारा आज आपल्याकडे कांद्यात आणि भुईमुगात टकटकतो. एंगलहार्ट यांनी पेटंट शेजारच्या लाफेट्रा नवरा-बायकोला विकले. त्या दोघांनी धान्याच्या कोठारात कारखाना घातला आणि जगभर माल धाडला. हुशारी एकाच्या नावे, शिल्लक दुसऱ्याच्या नावे. आमच्या लेजरमध्ये हे रोजचेच.

शेजारच्या जोशीकाकांनी तसलाच फवारा हौसेने आणला. तो फिरेना. धार कशीबशी वर यायची आणि फवाऱ्याच्याच पायावर पडायची. काका दुकानदाराला बोल लावत होते, पण दोष पाण्याच्या उंचीचा. दहा मीटर उंचीवरचे पाणी चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाब देते. या फवाऱ्याला दोन तरी लागतात, आणि काकांची टाकी गच्चीवर, फार तर पाच मीटर. "मग काय करू, टाकी दहा मजल्यांवर नेऊ?" काका कडाडले. पंपावर जोडला तेव्हा तो फिरला, आणि अंगणात वाळत घातलेले पापडही भिजवले. त्यानंतर काकूंनी झारी आणली.

आता तोटी घ्यायची कशी? दुकानात बंदुकीसारखी, सात तऱ्हांच्या धारेची, चाप असलेली नोझल पहिल्यांदा पुढे करतात. सात धारांपैकी आपण एकच वापरतो, बाकी सहा गळायच्या कामी येतात. प्लॅस्टिक उन्हाने ठिसूळ होते, आतली स्प्रिंग गंजते आणि चाप हातात येतो. पिवळी दिसते ती पितळीच असेही नाही. जस्ताच्या मिश्रधातूवर मुलामा असतो. आतल्या आट्यांवर किल्लीने ओरखडा काढावा. पांढरे दिसले की नमस्कार करून परत द्यावी. हातात जड लागली पाहिजे. सगळ्यांत साधी ती सगळ्यांत टिकाऊ: दोन पितळी नळकांडी, मधे एक सुई, एक रबरी कडे. पिळली की धार, आणखी पिळली की बंद. बिघडायला आत काही नाहीच. फक्त ती ॲल्युमिनियमच्या सांध्यावर चढवू नये. ओलाव्यात दोघांचे असे जमते की पुढे काडीमोड होत नाही.

अशी एक मला जुन्या बाजारात मोडवाल्याकडे मिळाली, आटे शाबूत. त्याने तिला नोझल मानलेच नाही. तराजूत टाकली आणि पितळेच्या भावाने पैसे घेतले. वरून वायसर पाच रुपये. तिला आता सहा वर्षे झाली. आमची ही रोज संध्याकाळी ती काढून घरात आणते आणि देवघराच्या फळीवर ठेवते. पितळेचा भाव गल्लीत आणखी बऱ्याच जणांना माहीत आहे.