अजिंठ्याची चित्रं कागदावर उतरवणाऱ्या लेडी हेरिंगहॅम कोण होत्या?

अजिंठा म्हटलं की आपल्याला रॉबर्ट गिल आणि पारो आठवतात. पण याच लेण्यांमध्ये एक इंग्रज बाईसुद्धा रंग-कागद घेऊन मुक्कामाला होती, हे छत्रपती संभाजीनगरातही फार कुणाला ठाऊक नसतं. तिचं नाव क्रिस्तियाना हेरिंगहॅम.

चित्रकला कुठे शिकल्या?

क्रिस्तियाना यांचा जन्म १८५२ चा, व्हिक्टोरिया राणीच्या काळातला. वडील थॉमस पॉवेल शेअर दलाल होते आणि कलेचे चाहते. १८८० मध्ये डॉ. विल्मट हेरिंगहॅम यांच्याशी त्यांचं लग्न झालं.

जुन्या इटालियन चित्रांच्या नकला करताना त्यांना एक प्रश्न पडला: हे रंग बनवायचे कसे? उत्तर शोधत त्या चेनिनो चेनिनी या चित्रकाराच्या सुमारे १४०० सालच्या ग्रंथापर्यंत पोहोचल्या. १८९९ मध्ये त्यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. अंड्याच्या बलकात रंग कालवायची 'टेम्परा' पद्धत स्वतः करून पाहिली आणि १९०१ मध्ये टेम्परा चित्रकारांची संस्था उभारण्यात पुढाकार घेतला. महत्त्वाच्या कलाकृती देशाबाहेर जाऊ नयेत म्हणून १९०३ मध्ये ब्रिटनमध्ये निधी उभा राहिला, त्याच्या संस्थापकांमध्येही त्या होत्या.

अजिंठ्याला का आल्या?

१९०६ मध्ये त्या भारतात आल्या आणि त्यांनी अजिंठा पाहिला. तोवर इथल्या चित्रांच्या नकला दोनदा जळाल्या होत्या. गिल यांच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मुंबईच्या आर्ट स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसोबत केलेल्या नकलांपैकी अनेक १८८५ च्या आगीत गेल्या. इकडे मूळ चित्रंही झिजत होती. नकला करताना लावलेलं व्हार्निश पिवळं पडून रंग झाकोळत होते.

म्हणून १९०९ ते १९११ दरम्यान त्या पुन्हा आल्या. हा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. डॉरथी लार्चर, हैदराबादचे सय्यद अहमद आणि फझलुद्दीन, कोलकात्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्ता आणि के. वेंकटप्पा अशी मंडळी सोबत होती. लेण्यांत अंधार आणि वटवाघळं, बाहेर मधमाश्यांची पोळी. अशा ठिकाणी तासन्‌तास काम चाले.

पुढे काय झालं?

या नकला १९१५ मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीने 'अजंता फ्रेस्कोज' या नावाने छापल्या. गंमत म्हणजे नावात 'फ्रेस्को' असलं तरी अजिंठ्याची चित्रं ओल्या गिलाव्यावरची नाहीत. ती सुकलेल्या गिलाव्यावर, डिंकासारख्या चिकट पदार्थात कालवलेल्या रंगांनी काढलेली आहेत. म्हणजे क्रिस्तियाना आयुष्यभर ज्या टेम्पराच्या मागे होत्या, त्याच्याच जवळची ही पद्धत.

पुस्तक आलं तेव्हा मात्र त्या आजारी होत्या. १९११ पासून त्यांचं मानसिक स्वास्थ्य ढासळलं. उरलेलं आयुष्य त्यांनी उपचारगृहांत काढलं आणि १९२९ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांच्यासोबतची तरुण मंडळी पुढे मोठी झाली. नंदलाल बोस यांनी भारतीय संविधानाची मूळ प्रत सजवली. सय्यद अहमद अजिंठ्याचे क्युरेटर झाले, म्हणजे चित्रांची नक्कल करणारा हातच पुढे त्यांची राखण करू लागला.