थेसलीतील प्रागैतिहासिक वसाहतींचे सर्वेक्षण : टेकाडे आणि मैदान

ग्रीसच्या मुख्य भूमीवरील थेसली हा प्रदेश पर्वतांनी वेढलेला आहे. उत्तरेस ऑलिंपस, पूर्वेस ओसा व पेलियन, दक्षिणेस ऑथ्रिस आणि पश्चिमेस पिंडस यांच्यामध्ये पसरलेल्या या सखल मैदानाचे पाणी पिनिओस नदी टेंपेच्या खिंडीतून एजियन समुद्रास नेऊन मिळविते. मैदानात शेकडो बुटकी टेकाडे विखुरलेली असून स्थानिक भाषेत त्यांना ‘मागूला’ म्हणतात. मातीची घरे पडावीत आणि त्याच जागी नवी उभी राहावीत, असे शतकानुशतके घडत गेल्याने ही टेकाडे वाढत गेली. महाराष्ट्रातील पुरातत्त्वज्ञ ज्यांस पांढरीची टेकाडे म्हणतात, त्याच जातीची ही टेकाडे होत. थेसलीच्या प्रागैतिहासाचा अभ्यास यांच्यापासून सुरू झाला आणि दीर्घकाळ यांच्यापाशीच थांबला. या गोष्टीचा त्या प्रदेशाच्या वसाहत-नकाशावर कोणता परिणाम झाला, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी ख्रिस्तोस त्सूंटास यांनी सेस्क्लो व दिमिनी येथे उत्खनने केली आणि त्यांचे निष्कर्ष १९०८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यानंतर वेस व थॉम्प्सन या इंग्रज अभ्यासकांनी थेसलीभर फिरून टेकाडांची नोंद केली, झेरेलिया, त्सांग्ली, राखमानी इत्यादी ठिकाणी उत्खनने केली आणि १९१२ मध्ये आपला ग्रंथ सिद्ध केला. मृद्भांड्यांच्या प्रकारांस अक्षरे व अंक देऊन त्यांनी रचलेले वर्गीकरण पुढे अनेक दशके प्रमाण मानले गेले. दक्षिण ग्रीस कांस्ययुगात पुढे गेल्यावरही उत्तरेत पाषाणयुगीन जीवन बराच काळ टिकून होते, असा त्यांचा तर्क होता. तो मात्र पुढे टिकला नाही. कार्बन-१४ पद्धतीच्या कालमापनाने येथील पहिल्या कृषिवसाहती इ. स. पूर्व ६५०० च्या सुमारापर्यंत मागे गेल्या.

कालगणना सुधारली, तरी पाहणीची पद्धत फारशी बदलली नाही. टेकाड दिसावे, त्यावर चढावे, खापरे वेचावीत आणि नकाशावर एक ठिपका द्यावा, असा तिचा क्रम होता. या परिश्रमांचे फळ मोठे आहे. १९९२ मध्ये कोस्तास गालिस यांनी प्रसिद्ध केलेल्या पूर्व थेसलीच्या नकाशासंग्रहात तीनशेहून अधिक प्रागैतिहासिक स्थळे नोंदलेली आहेत. त्यावरून पूर्वेकडील खोरे दाट वस्तीचे आणि पश्चिमेकडील विरळ वस्तीचे दिसते. परंतु हे चित्र प्राचीन वस्तीचे आहे की टेकाडांच्या दृश्यतेचे, हा प्रश्न येथेच उपस्थित होतो.

या प्रश्नास तीन बाजूंनी उत्तर मिळते. पहिले सेस्क्लोचे. तेथे दिमित्रिओस थिओखारिस यांनी १९५६ पासून केलेल्या उत्खननात असे आढळले की वसाहत टेकडीपुरती मर्यादित नव्हती. तिच्या पायथ्याच्या सपाट भूमीवरही ती दूरवर पसरली होती. टेकडीवर घरांवर घरे रचली गेली. खाली मात्र ती जागा बदलत बांधली गेली. त्यामुळे एकाच गावाचा एक भाग उंच झाला आणि दुसरा भूमीशी समतल राहिला. केवळ टेकाड शोधणाऱ्या दृष्टीस हा दुसरा भाग दिसणे कठीण होते.

दुसरे उत्तर नदीचे. पिनिओसच्या पूरक्षेत्रातील प्लातिया मागूला झार्कू या स्थळाचे आरंभीचे थर आजच्या मैदानाच्या पातळीखाली गेलेले आहेत, कारण पुराबरोबर आलेला गाळ टेकाडाभोवती साचत गेला. आर्गिसा येथे याच्या उलट घडले. तेथे त्याच नदीने टेकाडाचा काठ कापून थर उघडे केले. गाळाखाली गेलेली लहान किंवा अल्पकालीन वस्ती पृष्ठभागावरील पाहणीत सापडण्याचा संभव थोडाच.

तिसरे उत्तर उपकरणांचे. रेथिम्नो येथील भूमध्यसागरीय अध्ययन संस्थेने एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात थेसलीतील अनेक मागूलांची भूभौतिक पाहणी केली. तीत खणल्याविना घरांच्या रेषा आणि वस्तीभोवतीचे खंदक उमटले.

यातून एक निष्कर्ष निघतो. वसाहत-नकाशावरील रिकामी जागा दोन प्रकारची असते : जेथे शोध घेऊनही काही आढळले नाही ती, आणि जेथे शोध पोहोचू शकला नाही ती. या दोहोंना एकाच शुभ्र रंगात सोडल्यास लोकसंख्येचे व जमिनीच्या वापराचे सर्व अनुमान डळमळीत पायावर उभे राहते. म्हणून ठिपक्यांच्या नकाशाबरोबर गाळाचा नकाशाही सिद्ध करणे प्राप्त आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘डॅनियल’ वादळाने थेसलीच्या मैदानाचा मोठा भाग पाण्याखाली नेला. प्राचीन खेड्यांवर थर चढविणारी प्रक्रिया अद्याप संपलेली नाही, हे त्या पुराने दाखवून दिले.