पटाशेजारचे गुरुजी

परभणीहून जिंतूरच्या वाटेने निघाले की झरी हे गाव लागते. अशा एखाद्या गावच्या प्राथमिक शाळेचा बुद्धिबळ संघ स्पर्धेस न्यावयाचा म्हटले तर साहित्य फारसे लागत नाही. चार-पाच मुले, दोन पट, सोंगट्या आणि प्रसंगी उसने आणलेले घड्याळ. मैदान नको, मोठा खर्च नको. तरीही महाराष्ट्राच्या बुद्धिबळाचा इतिहास चाळताना मुंबई, पुणे, सांगली, नागपूर हीच नावे पुनःपुन्हा भेटतात. मराठवाड्यातील खेडी क्वचितच. याचे कारण तेथील मुलांच्या बुद्धीत शोधणे अन्यायाचे होईल. आमच्या मते ते पटाशेजारी बसणाऱ्या माणसात शोधावे, आणि नेमका हाच माणूस इतिहासात सहसा नोंदला जात नाही.

बुद्धिबळ आपल्याकडे घरोघरी होते, परंतु त्याची रीत निराळी होती. देशी पद्धतीत प्यादे आरंभीही एकच घर चाले. राजाला एकदा घोड्याची चाल खेळण्याची मुभा असे. शेवटच्या घरात पोहोचलेले प्यादे ज्या मोहऱ्याच्या रांगेत पोहोचले तेच मोहरे होई. आजोबांच्या मांडीवर हे शिकलेले मूल स्पर्धेस बसले की समोरचा मुलगा पहिल्याच खेळीत प्यादे दोन घरे पुढे टाकी, पुढे किल्लेकोट करी, आणि आमचे मूल भांबावून जाई. तेव्हा मार्गदर्शकाचे पहिले काम नवे शिकविण्याचे नव्हे, तर घरचे विसरावयास लावण्याचे होते. आजोबांचा मान राखून हे करणे ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही.

मोठमोठ्यांनाही या संक्रमणातून जावे लागले. पंजाबातील मीर सुलतान खान देशी रीतीने खेळत वाढला. सर उमर हयात खान यांच्या आश्रयाने तो 1929 साली लंडनला पोहोचला. तेथे त्याच्यासाठी मुद्दाम भरविलेल्या सराव स्पर्धेत त्याची कामगिरी निराशाजनक झाली. मग विंटर आणि येट्स या खेळाडूंनी त्याचा सराव करून घेतला आणि त्याच वर्षी तो ब्रिटिश विजेता झाला. 1932 व 1933 मध्येही तो मान त्याने मिळविला. जागतिक संघटनेने त्याला मरणोत्तर सन्माननीय ग्रँडमास्टर ठरविले ते मात्र 2024 साली. सुलतान खानची प्रतिभा सारे जण सांगतात. विंटर-येट्स यांच्या त्या काही आठवड्यांविषयी कोणी विशेष बोलत नाही.

स्वातंत्र्यानंतर 1951 मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. 1955 साली एलुरू येथे झालेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेचे विजेतेपद महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. वेंकय्या यांनी विभागून घेतले.

मुलींचा पट प्रथम एका घरातच मांडला गेला. ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन कन्या. 1974 च्या पहिल्या राष्ट्रीय महिला स्पर्धेत वासंती जिंकल्या, पुढे जयश्री, आणि 1976 मध्ये अवघ्या तेराव्या वर्षी रोहिणी. पहिले दशकभर हे विजेतेपद या एकाच घरात फिरत राहिले. रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा वाद उठला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही असा निर्वाळा दिला. तेरा वर्षांच्या मुलीमागे उभे राहणारे घर नसते, तर हा निर्वाळा कोणाला मागावा लागला असता?

परंतु प्रत्येक घरी संपादक पिता नसतो. म्हणून आम्हांस सांगलीचे उदाहरण अधिक मोलाचे वाटते. तेथे भाऊसाहेब पडसलगीकर यांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभे केले, गावातील मुलामुलींना पटावर बसविले आणि वर्षानुवर्षे उन्हाळ्यात स्पर्धा भरविल्या. त्याच सांगलीच्या भाग्यश्री साठे (पुढे ठिपसे) यांनी राष्ट्रीय महिला विजेतेपद पाच वेळा मिळविले. 1987 मध्ये त्यांना पद्मश्री लाभली. महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे याही सांगलीच्याच. स्पर्धा आपल्या दारी आली म्हणजे गरीब पालकाचा प्रवासखर्च वाचतो, ही साधी गोष्ट भाऊसाहेबांच्या कार्यात आम्हांस फार मोठी दिसते.

आता या कामाचे स्वरूप पाहू. सात-आठ वर्षांच्या मुलाचा पहिला शत्रू घाई होय. राजाशेजारचे जे प्यादे केवळ राजाच राखतो, त्यावर वजीर आणि उंट यांचा मारा करून चार खेळ्यांत मात करावयास ते चटकन शिकते आणि तेवढ्यावरच जिंकू पाहते. जाणता शिक्षक त्याला उलट टोकाकडून नेतो: आधी राजा आणि एक प्यादे, मग एकट्या हत्तीने मात, सुरुवातीचे डाव त्यानंतर. (त्या डावांतील एक प्रसिद्ध प्रकार रुय लोपेझ या सोळाव्या शतकातील स्पॅनिश धर्मगुरूच्या नावाने ओळखला जातो, हे आपल्या मुलांना अवश्य सांगावे.) हात लावलेली सोंगटी चालविलीच पाहिजे, हा नियम अंगी मुरण्यास महिने लागतात. खेळी लिहून ठेवण्याचा कंटाळा जाण्यास त्याहूनही अधिक. सांघिक सामना बहुधा चार पटांवर होतो आणि चौथ्या पटावरील भित्र्या मुलाचा अर्धा गुणही पहिल्या पटावरील हुशार मुलाच्या अर्ध्या गुणाइतकाच मोजला जातो. म्हणून चौथ्या मुलाकडे दुर्लक्ष करणारा शिक्षक संघ घडवू शकत नाही. डाव सुरू झाल्यावर तर त्याला मुलाशी एक शब्दही बोलता येत नाही. करंडकासाठी अधीर झालेले पालक आणि हरून रडणारे मूल, दोघांचीही समजूत त्यालाच घालावी लागते.

आर्मेनियासारख्या चिमुकल्या देशाने 2011 पासून दुसरी ते चौथीच्या वर्गांत बुद्धिबळ सक्तीचे केले. आपल्याकडे ते बहुधा एकेका माणसाच्या हौसेवर चालले. शासनाला याची जाणीव अगदीच नव्हती असे नाही: रघुनंदन गोखले यांना 1986 चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. बुद्धिबळातील तो पहिलाच. दुसरा कोनेरू अशोक यांना मिळाला, तो 2006 साली. मधली वीस वर्षे खेड्यापाड्यांतील किती गुरुजींनी शाळा सुटल्यावर पट मांडला असेल, त्याची गणती कोण ठेवणार? झरीच्या मुलांना तसा एखादा लाभला, तर दोन पट मिळणे अवघड नाही.

नागपूरच्या दिव्या देशमुख हिने जुलै 2025 मध्ये बाटुमी येथे कोनेरू हंपी हिला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. मायदेशी परतल्यावर तिने आपल्या पहिल्या प्रशिक्षकांचे, राहुल जोशी यांचे नाव घेतले. ती ग्रँडमास्टर व्हावी ही त्यांची इच्छा होती. ते 2020 मध्येच निवर्तले होते.