ओहोटी, श्राद्ध आणि तीस दिवस

मोऱ्याच्या जेटीवर कधी उभे राहिला असाल तर तुम्हाला हे माहीत असेल की भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच घड्याळापेक्षा भरती-ओहोटी जास्त पाहते. बंदरात गाळ साचतो, मोठ्या ओहोटीला लाँच जेटीला लागू शकत नाही, फेऱ्या बंद. उरणपर्यंत लोकल आली तीच मुळी जानेवारी २०२४ मध्ये. त्याआधी लाँच चुकली की रस्त्याने खाडीला वळसा, नाहीतर घरी परत.

आता समजा, त्याच दिवशी मुंबईत तुमच्या नोकरीच्या दाव्याची तारीख होती. पुकारा झाला, तुम्ही नव्हता. समोरच्याचं ऐकून घेऊन एकतर्फी निवाडा झाला. दुसऱ्या दिवशी तुम्ही पोचलात आणि म्हणालात, 'साहेब, माझं ऐकायचं राहिलं.' हे ऐकून घेण्याचा अधिकार त्या न्यायालयाला उरलेला असतो का?

प्रश्न साधा वाटतो, पण १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात एकतर्फी निवाडा मागे घेण्याबद्दल थेट कलमच नव्हतं. होतं ते कलम १७-अ: निवाडा राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांनी तो अंमलात येतो. हे तीस दिवस आपल्या पूर्ण गोष्टीत सारखे येत राहतील, लक्षात ठेवा.

पहिला मोठा झगडा कलकत्त्याच्या केंद्रीय औद्योगिक न्यायाधिकरणातला, ग्रिंडलेज बँकेचा. सुनावणी ९ डिसेंबर १९७६ ला होती. कर्मचाऱ्यांच्या बाजूच्या एका संघटनेच्या सरचिटणीसांचे वडील नोव्हेंबरात वारले होते आणि श्राद्ध नेमकं त्याच दिवशी आलं. वकिलांनी तहकुबी मागितली, पुराव्याला तार दाखवली. न्यायाधिकरणाने ऐकलं नाही आणि एकतर्फी निवाडा दिला. तो २५ डिसेंबरला प्रसिद्ध झाला. १९ जानेवारी १९७७ ला, म्हणजे तीस दिवस संपायला थोडेच उरले असताना, निवाडा रद्द करण्याचा अर्ज आला. एप्रिलमध्ये त्याच न्यायाधिकरणाने तो मंजूर केला. बँक भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली: कायद्यात फेरविचाराची तरतूद नाही, मग हा अधिकार आणला कुठून?

१२ डिसेंबर १९८० चा न्या. ए. पी. सेन यांचा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा प्रयोगशाळेतले दिवस आठवले (एम.एस्सी. रसायनशास्त्रातली असल्याने माझी उदाहरणं तिथलीच असतात, चालवून घ्या). आलेला आकडा पटत नाही म्हणून पुन्हा मोजा म्हणणं वेगळं, आणि माझा नमुना यंत्रात गेलाच नव्हता म्हणणं वेगळं. पहिला झाला गुणदोषांवरचा फेरविचार, त्याला कायद्याची परवानगी हवी. दुसरी फक्त कार्यपद्धतीतली चूक, ती दुरुस्त करण्याचा अधिकार प्रत्येक न्यायाधिकरणाला अंगभूतच असतो. शिवाय नियमांप्रमाणे पुरेशा कारणाशिवाय गैरहजर राहिलं तरच एकतर्फी पुढे जाता येतं. म्हणजे कारण पुरेसं असेल तर तसं पुढे जायचा अधिकारच नव्हता! आणि अर्ज तीस दिवसांच्या आत असला की झालं, निर्णय नंतर लागला तरी चालतो.

पण अर्ज एकतिसाव्या दिवशी आला तर? इथे गाडी अडली. कारण तीस दिवस मोजायचे राजपत्रापासून, आणि राजपत्र किती कामगार वाचतात ते तुम्हीच सांगा. महाराष्ट्राच्या १९५७ च्या नियमांतला नियम २६ याबाबत जास्त शहाणा होता: निवाड्याची प्रत हातात पडल्यापासून तीस दिवसांत अर्ज करा, असं तो सांगतो. तरीही २००४ साली संघम टेप कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की निवाडा अंमलात आला की न्यायालयाचा अधिकार संपला. पुढे आपल्याकडच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने नियम २६ च्या आधारे उशिराचा अर्ज चालतो असं म्हटलं. दोन्हींचा मेळ बसेना.

शेवटी मे २०१८ मध्ये हरियाणा सुरज माल्टिंग कंपनीच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी गाठ सोडवली. निवाडा अंमलात आला म्हणजे तो बंधनकारक झालाच असं नाही. बाजू न ऐकता दिलेला असेल तर न्यायालय नंतरही योग्य प्रकरणात अर्ज ऐकू शकतं. एक मात्र ध्यानात घ्या, या वाटेने मालकही येतात. कामगार जिंकलेला असतो, कंपनी उशिरा उगवते आणि दावा पुन्हा पहिल्यापासून सुरू. पगार बंद असलेल्या माणसाला ते किती वर्षांना पडतं, हा हिशेब निकालपत्रांत फारसा सापडत नाही. तरीही मला हा निकाल बरोबर वाटतो, कारण न ऐकता हरलेल्याला दुसरीकडे जायचं तर थेट उच्च न्यायालयच उरतं, आणि तिथला खर्च झेपणारे बहुतेक मालकच असतात.

(हे सगळं १९४७ च्या कायद्यातलं. नव्या औद्योगिक संबंध संहितेवर वेगळं लिहीन.)

अर्ज ऐकला जाईल एवढंच इथे मिळतं, मंजूर होईलच असं नाही. कारण पुरेसं होतं हे तुम्हालाच दाखवावं लागतं. ओहोटीमुळे फेऱ्या बंद असल्याचा फलक जेटीवर लागतो ना, तारखेच्या दिवशी अडकलात तर आधी त्याचा फोटो काढा, त्यात तारीख दिसू द्या, आणि तिथूनच वकिलांना पाठवा.